खुंट किती उंच ठेवावा?

गेल्या वर्षीं इयत्ता नववीच्या वर्गांत वनस्पतिशास्त्राचा पाठ चालला असतां आम्हीं मुलांस एक साधा प्रश्न घातला. "तुमच्या हातीं धारदार कुऱ्हाड आहे, समोर झाड उभें आहे, आणि तें तोडण्याची रीतसर परवानगीही मिळाली आहे. तर पहिला घाव कोठें घालाल?" एका मुलानें उत्तर दिलें, "जेथें हात सहज पोंचेल तेथें." दुसरा म्हणाला, "जेथें खोड बारीक असेल तेथें. म्हणजे श्रम कमी पडतील." एक मुलगी मात्र थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "सर, झाड कशाकरितां तोडावयाचें आहे तें आधीं सांगा."

या मुलीनें उत्तराऐवजीं उलट प्रश्नच विचारला. परंतु बरोबर वाट तिनेंच धरली होती. झाड किती उंचीवर तोडावें हें तोडणाराच्या हाताच्या सोयीनें ठरत नसून, तोडल्यानंतर मागें जें उरतें त्याच्याकडून आपणांस काय हवें आहे यावरून ठरतें. त्या खुंटापासून पुन्हां झाड उठावें अशी इच्छा असेल तर घाव एके ठिकाणीं पडला पाहिजे. वर्षानुवर्षें डाहाळ्या मिळाव्या अशी इच्छा असेल तर दुसऱ्या ठिकाणीं. आणि कांहीं झाडें अशीं आहेत कीं, त्यांच्या बाबतींत कोठेंही घाव घातला तरी पुढें कांहींच उरत नाहीं. विषय दिसण्यांत लहान आहे. परंतु या हातभर उंचीच्या निर्णयावर पुढील वीस-तीस वर्षांचें लांकूड अवलंबून असतें. तो निर्णय चुकल्यास काय होतें हें आम्हीं स्वतःच्या जमिनींत, स्वतःच्याच हट्टामुळें अनुभविलें आहे. म्हणून प्रथम ती हकीकत सांगून मग शास्त्राकडे वळतों.

रायगड जिल्ह्यांत आमची थोडी वडिलार्जित जमीन आहे. भाताच्या खाचरांच्या वरच्या अंगास जो रुंद बांध आहे त्यावर आमच्या वडिलांनीं १९८८ सालच्या पावसाळ्यांत सागाचीं चौदा झाडें लाविलीं. लावितांना ते म्हणत असत कीं, सागाची सावली लावणाराला मिळते, पण लांकूड नातवंडांना मिळतें. वडील वारले तेव्हां त्या झाडांचे बुंधे तीन-तीन फूट वेढ्याचे झाले होते. पुढें ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' नांवाचें चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलें, आणि त्या एका दुपारींच चौदांपैकीं नऊ झाडें निकामी झालीं. कांहींचे शेंडे मोडून पडले, कांहींच्या खोडांस वरून उभ्या चिरा गेल्या. खासगी जमिनीवरील साग असला तरी तो मनास येईल तेव्हां तोडतां येत नाहीं. महाराष्ट्रांत त्यासाठीं १९६४ सालचा वृक्षतोड विनियमनाचा कायदा आहे. त्याप्रमाणें अर्ज करून परवानगी हातीं येईपर्यंत ऑगस्ट उजाडला.

झाडें तोडण्यासाठीं जवळच्या कातकरवाडींतील एक वृद्ध गृहस्थ आले. खैराच्या लांकडापासून कात काढणारे ते कातकरी, असा या समाजाच्या नांवाचा अर्थ सांगतात. आणि त्या गृहस्थांचें सारें आयुष्य झाडांतच गेलें होतें. पहिल्या झाडापाशीं ते जमिनीवर एक गुडघा टेकून बसले व बुंध्याभोंवतालचा पाला हातानें दूर करूं लागले. आम्हीं त्यांस थांबविलें आणि आपल्या कमरेजवळ हात धरून म्हटलें, "बाबा, येथें तोडा. खालचा भाग धड आहे, तो राहूं द्या."

ते म्हणाले, "मास्तर, जमिनीला पुसून तोडूं द्या. एवढं वर ठेवलं तर फूट येईल, पण टिकायची नाही."

आम्हीं उत्तर दिलें, "जितका बुंधा राहील तितका झाडाचा जीव राहील."

हें आम्हीं निव्वळ आळसानें म्हटलें नाहीं. वडिलांचीं झाडें होतीं; त्यांचें जितकें कमी तोडूं तितकी त्यांच्यावर दया होईल, असें आम्हांस मनापासून वाटत होतें. शिवाय आम्ही पदवीधर, आणि विज्ञान शिकवितों, हा अभिमानही त्या उत्तरांत नव्हता असें म्हणवत नाहीं. बाबांनीं वाद घातला नाहीं. दुपारपर्यंत सहा झाडें आमच्या सांगण्याप्रमाणें कमरेएवढ्या उंचीवर तोडलीं गेलीं. त्या दिवसांत शाळा बंद असल्यामुळें वर्ग मोबाइलवरून घ्यावे लागत, आणि मोबाइलला रेंज मिळावी म्हणून आम्हांस टेकडीवर जाऊन बसावें लागे. आम्ही वर्ग संपवून खालीं आलों तेव्हां राहिलेलीं तीनही झाडें तोडून झालीं होतीं. परंतु त्यांचे खुंट इतके खालीं होते कीं, गवतांत ते प्रथम दिसलेच नाहींत. आम्हीं थोडें रागानेंच विचारलें. बाबा कुऱ्हाडीचें पातें पुसत म्हणाले, "सहा तुमचे, तीन माझे. पुढच्या पावसाला बघूं."

प्रारंभीं आमचेच खुंट सरस दिसले. तीन फूट उंचीच्या कडांवरून चोहों बाजूंनीं धुमारे फुटले, आणि सागाचीं तीं रुंद पानें दुरूनही नजरेंत भरूं लागलीं. बाबांच्या खुंटांना धुमारे आले खरे, पण ते गवताशीं झगडत होते. आम्हीं मनांतल्या मनांत आपलाच विजय मानला. मग मे २०२१ मध्यें 'तौक्ते' हें दुसरें चक्रीवादळ कोंकण किनाऱ्याला समांतर समुद्रांतून उत्तरेकडे गेलें. वारा ओसरल्यावर बांधावर जाऊन पाहतों तों आमच्या सहांपैकीं चार खुंटांवरचे धुमारे सालीच्या पट्ट्यासकट उपटून खालीं लोंबत होते. बाबांच्या तीन खुंटांवरच्या धुमाऱ्यांचीं पानें फाटलीं होतीं, पण धुमारे मातींत रोंविल्यासारखे घट्ट उभे होते. पावसाळा लागल्यावर बाबा आले. त्यांनीं दोन्ही प्रकारचे खुंट पाहिले. ते हंसले नाहींत, कीं त्यांनीं मागची आठवणही काढली नाहीं. एवढेंच म्हणाले, "कुऱ्हाड वाकून घालावी लागते, मास्तर."

आतां यामागील कारण पाहूं. ज्यांच्या घरीं उसाची शेती आहे त्यांना तें समजण्यास अडचण पडणार नाहीं. ऊस तोडतांना शेतकरी कोयता जमिनीलगत चालवितो. त्याचीं कारणें दोन. उसाच्या खालच्या कांड्यांत साखर अधिक असते, म्हणून तीं शेतांत सोडून देणें तोट्याचें; आणि खोडवा ठेवावयाचा असल्यास तो जमिनीखालच्या डोळ्यांपासून फुटावा लागतो. उंच राखलेल्या बुडख्याच्या वरच्या डोळ्यांतून निघालेला फुटवा दुबळा राहतो. झाडाच्या खुंटाचा न्यायही बहुतांशीं असाच आहे.

रुंद पानांच्या पुष्कळ झाडांच्या सालींत, विशेषतः बुंध्याच्या तळाशीं, सुप्त कळ्या असतात. झाड उभें असतें तोंवर त्या झोंपलेल्या राहतात, कारण शेंड्याकडील कोंवळ्या अंकुरांत तयार होणारें एक संप्रेरक खालीं वाहत येऊन त्यांना दडपून ठेवीत असतें. शेंडा गेला म्हणजे तें दडपण जातें, आणि मुळांत सांठविलेल्या अन्नावर या कळ्या जोरानें फुटतात. तयार मुळें हाताशीं असल्यामुळें असा धुमारा पहिल्या एक-दोन वर्षांत बियांपासून आलेल्या रोपाला सहज मागें टाकतो. यावरून आमची चूक ध्यानांत येईल. झाडाचा जीव बुंध्याच्या उंचींत सांठलेला नव्हता. तो मुळांत होता, आणि मुळें दोन्ही प्रकारच्या खुंटांचीं सारखींच शाबूत होतीं. आम्हीं वांचविलेला अडीच फुटांचा बुंधा झाडाच्या उपयोगाचा नव्हता. तो केवळ धुमारा आणि मूळ यांमध्यें उभा केलेला एक मरणोन्मुख खांब होता.

उंच खुंटावर दोन प्रकारचे दोष उत्पन्न होतात. पहिला असा कीं, वरच्या कडेशीं येणारे कित्येक धुमारे जुन्या सुप्त कळ्यांपासून आलेले नसतात. जखम भरून येतांना साल व लांकूड यांमधील पेशींचा जो गोळा बनतो त्यांतून ते नव्यानें निघतात. त्यांचा आंतल्या लांकडाशीं खोल सांधा नसतो, म्हणून वाऱ्याच्या एका हिसक्यासरशीं ते सालीसकट सुटून येतात. दुसरा दोष असा कीं, खुंटाचा माथा पुढें वाळतो, त्याला भेगा पडतात, भेगांत पाणी मुरतें, आणि मग बुरशी व वाळवी यांचा शिरकाव होतो. वरून सुरू झालेली ही कुज धुमाऱ्याच्या बुडाशीं येऊन पोंचते. याउलट जमिनीलगत फुटलेला धुमारा मुळांच्या माथ्याशींच जोडलेला असतो, पुढें त्याला स्वतःचींही मुळें फुटूं शकतात, आणि खुंट कुजून गेला तरी त्याचें फारसें अडत नाहीं. म्हणूनच, धुमाऱ्यांपासून पुन्हां वन उठवावयाचें असेल तेथें खुंट अर्ध्या फुटाहून, म्हणजे पंधरा सेंटिमीटरांहून, उंच ठेवूं नये असा वनविद्येचा नियम आहे. सागाची लागवड करणारे तर याहून पुढें जातात. रोपवाटिकेंतील रोप उपटून त्याचें खोड जेमतेम इंचभर राखतात, मूळ वीतभर ठेवतात, आणि ती 'जडी' जमिनींत पुरतात. त्या इंचभर खोडापासून उद्यांचा साग उभा राहतो.

आतां थोडें गणित करूं. लांकडाच्या व्यवहारांत ओंडक्याच्या वेढ्याचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करावयाचा व त्यास लांबीनें गुणावयाचें, अशी घनफूट काढण्याची जुनी रीत आहे. आमच्या सागांचा वेढा ३ फूट; त्याचा चौथा भाग पाऊण फूट; त्याचा वर्ग ०.५६२५. अर्ध्या फुटाऐवजीं तीन फुटांवर घाव घातल्यामुळें प्रत्येक झाडामागें अडीच फूट लांबीचा तुकडा जमिनींत राहिला. म्हणजे एका झाडाचें सुमारें १.४ घनफूट, आणि सहा झाडांचें सुमारें ८.४ घनफूट लांकूड आम्हीं वाळवीला दिलें. तें लांकूडही कसलें? बुंध्याचें, म्हणजे झाडांतील सर्वांत जाड, सर्वांत जुनें, आणि पक्क्या लांकडाचा भाग ज्यांत अधिक असतो असें. विद्यार्थ्यांनीं हेंच गणित सहा फूट वेढ्याच्या झाडासाठीं करून पाहावें. वेढा दुप्पट झाला म्हणजे नुकसान दुप्पट होत नसून चौपट होतें, हें त्यांना आपोआप दिसून येईल.

उंची ठरल्यावर घाव कसा घालावा यासही नियम आहेत. झाड ज्या बाजूस पाडावयाचें त्या बाजूस, होईल तितकी खालीं, प्रथम एक खाच घेतात. तिची खोली खोडाच्या जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतकी असते. नंतर विरुद्ध बाजूनें, खाचेच्या तळापेक्षां किंचित् उंचावर, करवत चालवितात. परंतु खाचेपर्यंत आरपार न नेतां मध्यें लांकडाची एक पट्टी राखतात. दाराला बिजागरी असते तशी ही पट्टी झाडाला वळण देते व तें ठरल्या दिशेला हळूहळू टेकवितें. ही पट्टी राखली नाहीं तर बुंधा मागें उसळून माणसाचा जीव घेऊं शकतो. यास्तव हें काम मुलांनीं करावयाचें नव्हे. त्यांनीं दूर उभें राहून पाहावें, आणि दूर म्हणजे झाडाच्या उंचीच्या दुपटीहून अधिक अंतरावर. झाड पडल्यावर खुंटाचा माथा धारदार हत्यारानें तासून गुळगुळीत करावा व एका बाजूस उतरता ठेवावा, म्हणजे पावसाचें पाणी त्यावर सांचत नाहीं. कडेची साल लांकडापासून सुटूं देऊं नये, कारण कळ्या सालींत असतात. बोथट कुऱ्हाडीनें नेमकी तीच फाटते. जमिनीला पुसून तोडणें म्हणजे मात्र मातींत घाव घालून मुळांचा माथा छाटणें नव्हे.

येथवर वाचून कोणी असा समज करून घेईल कीं, खालीं तोडणें नेहमींच शहाणपणाचें आणि उंच तोडणें नेहमींच अडाणीपणाचें. तसें नाहीं. परसांतला शेवगाच पाहा. त्याच्या शेंगा हाताशीं याव्या म्हणून तो कमरेएवढा राखून वरून छाटतात. कोंकणांत भाताच्या रोपांसाठीं जमीन भाजण्याची, म्हणजे राब करण्याची, जुनी चाल आहे. त्यासाठीं ऐन, किंजळ यांसारख्या झाडांचा टहाळ तोडतात, पण खोड उभें ठेवितात. तें जमिनीलगत तोडलें तर नवी पालवी गुरांच्या तोंडीं जाईल. उंच राखल्यानें ती गुरांच्या वर राहते, आणि शेतकऱ्याला पुन्हां टहाळ मिळतो.

नेमक्या याच कारणासाठीं इंग्लंडांतही दोन निरनिराळ्या उंचींची पद्धत शतकानुशतकें चालत आली. जेथें वनाला कुंपण घालून गुरें बाहेर ठेवतां येत तेथें झाडें जमिनीलगत तोडीत. सफक परगण्यांतील ब्रॅडफील्ड येथील वनांत हा क्रम तेराव्या शतकापासून चालू असल्याची नोंद आहे. उलट जेथें गुरें व हरणें मोकळीं चरत तेथें झाड माणसाच्या डोक्याहून वर, सहा ते दहा फुटांवर, छाटीत. लंडनजवळच्या एपिंगच्या वनांत अशीं हजारों झाडें आहेत. तेथील लाउटन गांवच्या गोरगरिबांना हिंवाळ्यांत सरपणासाठीं फांद्या छाटण्याचा पूर्वापार हक्क होता. १८७८ सालच्या कायद्यानें तें वन सर्व लोकांसाठीं कायमचें राखलें गेलें, पण छाटणीचा हक्क संपला. त्याच्या मोबदल्यांतून गांवांत एक सभागृह बांधलें गेलें, आणि तें १८८४ सालीं उघडलें. या गोष्टींत आमच्या विषयाला लागू पडणारा एक धडा आहे. छाटणी थांबल्यावर त्या ठेंगण्या खोडांवरच्या फांद्या वाढत वाढत प्रचंड झाल्या, आणि पुढें त्यांच्या भारानें जुनीं खोडें फाटूं लागलीं. म्हणजे एकदां जी उंची निवडली ती पुढील पिढ्यांनीं सांभाळावी लागते. निवडणारा निघून जातो, उंची मागें राहते.

उंच खुंटांची याहूनही विलक्षण कथा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची आहे. तेथील डग्लस फर व सीडर यांचे बुंधे जमिनीजवळ अतिशय फुगलेले व वांकड्या रेषांचे असत. कुऱ्हाड व दोन माणसांची करवत एवढ्याच साधनांनी तो फुगवटा कापण्यास फार वेळ लागे. म्हणून तोडणारे खोडांत खांचा पाडून त्यांत फळ्या बसवीत, आणि जमिनीपासून आठ-दहा फूट उंच अशा त्या फळ्यांवर उभे राहून झाड कापीत. यंत्राच्या करवती आल्यावर हें कारण उरलें नाहीं व खुंट खालीं आले. तरी ते जुने खुंट, फळ्यांच्या खांचांसह, तेथील अरण्यांत अजून पाहावयास मिळतात. कॅलिफोर्नियांत तर एका महाकाय सिकोया वृक्षाचा सुमारें वीस फूट उंच खुंट उभा आहे. त्या वृक्षाचे तुकडे १८९३ सालच्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनांत नेऊन पुन्हां जोडून दाखविले होते. अरण्य अमर्याद आहे असें वाटतें तेव्हां दहा फूट लांकूड मागें सोडून देण्याचें कोणास कांहींच वाटत नाहीं.

बांबूचा नियम आणखी वेगळा. त्याला जमिनीलगत तोडावें, पण पहिल्या किंवा दुसऱ्या गाठीच्या लगत वर. दोन गाठींच्या मधोमध तोडल्यास उरलेल्या नळींत पावसाचें पाणी सांचतें व कुज खालच्या कंदापर्यंत जाते. उंच खुंट ठेवल्यास बेट गुंतून जातें आणि पुढील वर्षीं आंतील पक्के बांबू काढतां येत नाहींत. त्यांतही या-गेल्या वर्षाचे कोंवळे बांबू राखावे, जुने तेवढे काढावे, आणि पावसाळ्यांत कोंब येत असतां बेटाला हात लावूं नये.

शेवटीं, ज्यांना कोणतीच उंची उपयोगी पडत नाहीं अशीं झाडें. नारळ व सुपारी यांना वाढीचा एकच अंकुर असतो आणि तो शेंड्यांत असतो. त्यांच्या खोडांत सुप्त कळ्या नसतात. २०२० सालच्या वादळांत श्रीवर्धनकडच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, तेव्हां साग-आंब्यासारखी ही पुन्हां फुटेल अशी आशा त्यांच्या मालकांना करतां आली नाहीं. त्यांना नवीं रोपें लावून वर्षानुवर्षें वाट पाहण्यावांचून मार्ग नव्हता. हिमालयांतील देवदार मोठा झाल्यावर तोडला तर त्याच्या खुंटापासूनही झाड उठत नाहीं. तेथें बीजच पडलें पाहिजे. आपल्याकडील बाभळीचा खुंटही फारसा भरंवशाचा नाहीं. म्हणून झाड तोडण्यापूर्वीं त्याची जात ओळखणें ही पहिली पायरी, आणि खरोखर तोडावयास हवें काय हा प्रश्न तर त्याहूनही आधींचा.

ईयोबाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायांत, तोडलेल्या वृक्षाला पाण्याच्या नुसत्या वासानें पुन्हां धुमारे फुटण्याची आशा असते, असा विचार आला आहे. लहानपणीं आम्हीं तो पुष्कळदां ऐकला, आणि त्याला केवळ अलंकार समजून सोडून दिलें. बांधावरचे ते तीन खुंट पाहिल्यावर आमच्या ध्यानांत आलें कीं, तो लिहिणारानें खुंट वाकून पाहिलेला असावा. आशा मुळांत आहे हें तेथें अचूक सांगितलें आहे. तिच्या वाटेंत आपण किती उंच अडथळा उभा करतों एवढेंच आपल्या हातीं असतें.

धुमारे आल्यावरही काम संपत नाहीं. एका खुंटावर दहा-पंधरा धुमारे येतात. ते सारे राखले तर सारेच काठ्या होऊन राहतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं त्यांतील जमिनीला सर्वांत जवळचा, सरळ व जोमदार असा एक, फार तर दोन, राखून बाकीचे काढावे. पहिलीं दोन वर्षें गुरांपासून व वणव्यापासून त्यांचें रक्षण करावें. बाबांच्या तीनही खुंटांवर आम्हीं असा एकेक धुमारा राखला. तीं झाडें आज घराच्या वळचणीहून उंच झालीं आहेत. आमच्या सहा खुंटांपैकीं चार पोकळ झाले. उरलेल्या दोहोंना आम्हीं गेल्या उन्हाळ्यांत, पुन्हां परवानगी काढून, गुडघा टेकून जमिनीलगत कापलें. पावसाळ्यांत त्यांच्या तळाशीं धुमारे आले आहेत.

पालकांना आमची एवढीच विनंती आहे कीं, बांधावरचें किंवा परसांतलें एखादें झाड तोडणें प्राप्त झालें तर त्या दिवशीं मुलांस सुरक्षित अंतरावर उभें करून तें काम दाखवावें, आणि तोडणाऱ्या माणसास त्याची रीत विचारावी. आम्हीं ती सांगितली असतांही ऐकली नाहीं; वडिलांनीं लावलेल्या चार झाडांनीं त्याची किंमत दिली. विद्यार्थ्यांनीं वाटेवर जेथें जेथें खुंट दिसेल तेथें थांबून तो किती उंच आहे, माथा उतरता आहे कीं सपाट, आणि धुमारा कोठून फुटला आहे, हें वहींत टिपून ठेवावें. पुढील वर्षीं नववीच्या वर्गांत आम्ही तोच प्रश्न पुन्हां विचारणार आहोंत.